वाचक विचारतात : शाळा झेडपीची, मग पैसा, शिक्षक आणि निर्णय कुणाचे?

जिल्हा परिषद शाळांबद्दल जळगाव, धुळे आणि नंदुरबारहून आलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : चोपडा तालुक्यातल्या आमच्या शाळेत पहिली ते पाचवीचे वर्ग आहेत, पट 84. मी शाळा व्यवस्थापन समितीचा नवा अध्यक्ष आहे. गुरुजी म्हणतात अनुदान आलंच नाही, पंचायत समितीत म्हणतात कधीच दिलं. खरं कोण बोलतंय? आणि माझ्या सहीला काही किंमत आहे की नाही?

दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता जास्त आहे. पूर्वी अनुदान शाळेच्या बँक खात्यात येऊन पडायचं, पासबुकात दिसायचं. आता समग्र शिक्षेचा, म्हणजे केंद्र आणि राज्य मिळून चालवतात त्या शालेय शिक्षण योजनेचा, पैसा राज्याच्या एकाच नोडल (मध्यवर्ती) खात्यात राहतो. शाळेचं खातं शून्य शिलकीचं असतं आणि शाळेला फक्त खर्चाची मर्यादा टाकून दिली जाते. त्यामुळे पासबुक छापून आणलं तर त्यात शून्यच दिसणार. मर्यादा किती आली आणि त्यातली किती वापरली, हे मुख्याध्यापकांच्या पीएफएमएस (सरकारी पैशांच्या हिशेबाची ऑनलाइन प्रणाली) लॉगिनमध्ये दिसतं. सभेत पासबुक मागू नका, त्या पानाची प्रिंट मागा.

आता रकमा. संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं : 30 पर्यंत 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1000 ला 75,000 आणि त्यापुढे एक लाख. तुमच्या 84 पटाला 25,000 बसतात. त्यातला किमान दहावा हिस्सा, म्हणजे 2,500 रुपये, स्वच्छतेवर खर्च झाला पाहिजे. पाचवीपर्यंतच्या शाळेला ग्रंथालयासाठी 5,000 आणि खेळाच्या साहित्यासाठी 5,000 अशी तरतूद आहे. गणवेशासाठी मुलामागे वर्षाला कमाल 600 रुपये धरलेले असतात. या सगळ्या वरच्या मर्यादा आहेत, त्या त्या वर्षाच्या आराखड्यात मंजुरी मिळाली तरच रक्कम येते. योजनेत केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40.

25,000 भागिले 84 केलं तर मुलामागे वर्षाला तीनशे रुपयेही पडत नाहीत. त्यात खडू, रजिस्टर, नळाची दुरुस्ती, वीजबिल आणि संडासाची सफाई. तेव्हा गुरुजींवर संशय घेण्याआधी हा भागाकार सभेत फळ्यावर मांडा, निम्मं भांडण तिथंच मिटेल.

शाळेवरचा खरा मोठा खर्च पगाराचा. तो राज्य सरकार शालार्थ प्रणालीतून थेट शिक्षकांच्या खात्यावर टाकतं, तुमच्या समितीचा त्याच्याशी संबंध नाही. नव्या खोल्या आणि मोठी दुरुस्ती जिल्हा नियोजन समितीच्या किंवा समग्र शिक्षेच्या निधीतून होते. जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस (उपकरातून येणारा पैसा) असतो, पण तो तुटपुंजा. पाणी आणि शौचालयासाठी ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा बंधित (ठरलेल्या कामांसाठीच वापरायचा) निधी असतो, त्यातून शाळेचं काम घ्यायला हरकत नाही. ते काम गावाच्या विकास आराखड्यात मात्र असायला हवं, आणि तो आराखडा ग्रामसभेत ठरतो. सरपंचांच्या ओट्यावर तोंडी सांगितलेलं काम त्यात कधीच चढत नाही.

तुमच्या सहीचं म्हणाल तर संयुक्त अनुदानाचा खर्च समितीच्या ठरावाशिवाय होत नाही. पैसे देताना प्रणालीतून निघणाऱ्या पेमेंट आदेशावर मुख्याध्यापक आणि अध्यक्ष या दोघांच्या सह्या लागतात. गडबड वेळेची होते. मर्यादा बऱ्याचदा आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत येते आणि 31 मार्चला न वापरलेली रक्कम परत जाते. मग घाईत एकाच दुकानातून सगळी खरेदी होते, दुकानदाराचा आयएफएससी बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललेला असतो, पेमेंट परत येतं आणि तोवर तारीख उलटते. म्हणून जुलैच्या सभेतच गरजांची यादी क्रमाने ठरवा, ठराव क्रमांकासह इतिवृत्तात लिहा, दरपत्रकं डिसेंबरपर्यंत आणून ठेवा आणि दुकानदाराच्या रद्द केलेल्या चेकवरून खात्याचा तपशील तपासा. कोरा ठराव किंवा कोरा आदेश यावर सही करू नका, मग समोर कितीही ओळखीचा माणूस असो.

प्रश्न : पारोळा तालुका. शाळेच्या रजिस्टरला 63 मुलं आहेत, तरी तिसरं पद गेलं. साठाच्या वर पट असेल तर तीन शिक्षक मिळतात ना?

नियम तोच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 पर्यंत दोन, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार आणि 121 ते 200 ला पाच शिक्षक. दीडशेच्या वर मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पद. पण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याची मंजुरी, रजिस्टर बघून होत नाही. 30 सप्टेंबरला ऑनलाइन नोंदलेली आणि आधार वैध ठरलेली मुलंच मोजली जातात. तुमच्या 63 पैकी चार जणांचं आधार ‘अवैध’ दाखवत असेल तर सरकारदरबारी पट 59, आणि 59 ला दोनच शिक्षक.

आधार अवैध होतं ते बहुतेक क्षुल्लक कारणाने. रजिस्टरला नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने असतं, आधारवर आडनाव आधी किंवा वडिलांचं नाव गाळलेलं. जन्मतारीख एकीकडे जन्मदाखल्याची, दुसरीकडे अंदाजे टाकलेली 1 जानेवारी किंवा 1 जून. कधी लिंगाचा रकाना चुकलेला. दुरुस्ती कुठं करायची हे आधी ठरवा : जन्मदाखला आणि शाळेचं रजिस्टर जुळत असेल तर आधार दुरुस्त करायचं. रजिस्टरमध्ये हवी तशी खाडाखोड केली की दाखला काढताना तेच पोर पुढं अडकतं. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर बायोमेट्रिक अद्ययावत करावं लागतं, ते राहिलं असेल तर तेही त्याच फेरीत उरका. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांकडून अवैध मुलांची यादी घ्या. सप्टेंबरच्या अखेरीस आधार केंद्रावर गेलात तर पावती मिळेल, पण नोंद वेळेत बदलेलच असं नाही.

दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलाचं नाव जुन्या शाळेने यू-डायसमधून (शाळा आणि मुलांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतून) सोडलं नसेल तर तुम्हाला ते घेता येत नाही. जुन्या शाळेने त्याला ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये टाकायचं आणि तुमच्या शाळेने कायम शिक्षण क्रमांक टाकून उचलायचं, असा तो क्रम आहे. तिकडचे गुरुजी ‘करतो, करतो’ म्हणत राहिले तर केंद्रप्रमुखांना लेखी द्या.

सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या छोट्या शाळांनी जास्त जागं राहावं. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने त्या गटात वीसपेक्षा कमी पट असेल तर शिक्षकाचं पदच धोक्यात आलं आहे. आमच्या मते सातपुड्यातल्या आणि साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या पाड्यांना मैदानी गावांचंच माप लावणं चूक आहे. पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा, हा राज्याच्याच नियमांतला निकष आहे, आणि पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की नकाशावरच्या तीन किलोमीटरांना अर्थ राहत नाही.

एक गोष्ट इथं आपल्या बाजूची आहे. ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जाणारी कुटुंबं साधारण दसरा-दिवाळीनंतर निघतात, म्हणजे 30 सप्टेंबरला पोरं गावातच असतात. पट तेव्हा लागतो. पुढं टिकवायचा असेल तर हंगामी वसतिगृहाचा (पालक बाहेर असताना मुलांना गावातच ठेवण्याच्या सोयीचा) प्रस्ताव स्थलांतराआधीच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे, आणि जी मुलं सोबत जाणारच त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायला हवं.

प्रश्न : जिल्हा परिषदेत निवडून आलेले सदस्यच नसतील तर शाळांचे निर्णय घेतं कोण?

जिल्हा परिषदा 1961 च्या कायद्याने, 1 मे 1962 पासून चालतात. सभागृह असतं तेव्हा शिक्षण समिती हे विषय बघते. मुदत संपून निवडणूक झाली नसेल तर मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक म्हणून समितीचेही अधिकार वापरतात. खालची साखळी बदलत नाही : शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, बीटला विस्तार अधिकारी, केंद्राला केंद्रप्रमुख, शाळेत मुख्याध्यापक. फरक एवढाच पडतो की सभागृहात प्रश्न विचारणारा कुणी नसतो. खासगी अनुदानित हायस्कूल शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे. नगरपालिकेच्या आणि महापालिकेच्या शाळा त्या त्या पालिकेच्या.

प्रश्न : धडगावहून. आश्रमशाळेची तक्रार पंचायत समितीत दिली तर घेत नाहीत.

घेणार नाहीतच, कारण आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या आहेत. तक्रार एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात द्यायची. खान्देशात ती तळोदा, नंदुरबार, धुळे आणि यावल इथं आहेत, धडगावला तळोदा प्रकल्प लागतो. पाड्यावरची जिल्हा परिषद शाळा असेल तर मात्र पेसाचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) अबंध निधी विसरू नका. ग्रामसभा कोष समितीच्या खात्यावर येणाऱ्या या पैशातून शिक्षणाची कामं घेता येतात, ग्रामसभेने ठरवलं तर.

तक्रार जिल्हा परिषद शाळेची असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 32 अर्जात लिहा. लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

प्रश्न : शिरपूर. आपला जिल्हा सर्वेक्षणात मागं, अशी बातमी आली. मग आमची शाळाही वाईट समजायची का?

नाही. 12 नोव्हेंबर 2021 चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण काय किंवा 4 डिसेंबर 2024 चं तिसरी, सहावी आणि नववीचं ‘परख’ सर्वेक्षण काय, दोन्ही नमुन्यावर बेतलेली. काही शाळांतली काही मुलं निवडून जिल्ह्याचा अंदाज काढतात. तुमची शाळा त्या नमुन्यात होती की नाही, हेही बहुधा तुम्हाला माहीत नसेल.

शाळेची तपासणी तुम्हीच करा, फार तर अर्धा तास लागेल. ‘निपुण भारत’ या वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाचं तिसरीच्या अखेरीचं लक्ष्य असं : अनोळखी उतारा मिनिटाला किमान 60 शब्द या गतीने समजून वाचणं आणि 9999 पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं. पुस्तकातला धडा वाचायला देऊ नका, तो पाठ असतो आणि बोट एका ओळीवर तर तोंड दुसऱ्या ओळीवर चालतं. मुलांच्या मासिकातला साधा उतारा घ्या, घड्याळ लावा आणि वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारा. गणिताला ‘चार हजार सात’ लिहायला सांगा. पोराने 40007 लिहिलं तर त्याला आकडे येतात, स्थानिक किंमत येत नाही. त्याच्याकडून बेरजेची शंभर गणितं करून घेतली तरी ते सुधारणार नाही. हजार, शतक, दशक, एकक असे चार रकाने आखून काड्यांचे गठ्ठे मांडा.

प्रश्न अहिराणीत, पावरीत, भिलीत विचारा. उत्तर घरच्या बोलीत बरोबर आलं तर पोराला समजतं, फक्त पुस्तकी मराठी अजून जिभेवर बसलेली नाही. त्याला ‘कच्चा’ म्हणणाऱ्या गुरुजींशी वाद घाला, आमचा पाठिंबा आहे.

शाळेचा कागदोपत्री चेहरा पाहायचा तर यू-डायसचा अकरा आकडी क्रमांक घ्या. नंदुरबारच्या शाळांचा 2701 ने, धुळ्याचा 2702 ने, जळगावचा 2703 ने सुरू होतो. त्यावर खोल्या, शौचालयं आणि शिक्षकांची संख्या सार्वजनिकपणे दिसते. प्रत्यक्षाशी ताडून बघा.

प्रश्न : अमळनेर तालुका. दोन खोल्या धोकादायक आहेत. मुलं ओट्यावर बसतात. नवी खोली मागितली तर ‘तुमच्याकडे खोल्या पुरेशा आहेत’ असं उत्तर मिळतं.

कारण यू-डायसवर त्या पडक्या खोल्या अजून चालू दिसत असतील. आधी निर्लेखन, म्हणजे खोली वापरातून रद्द केल्याची नोंद, करून घ्या. समितीचा ठराव, खोलीचे फोटो आणि मुख्याध्यापकांचं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. बांधकाम उपविभागाचे अभियंता पाहणी करून अहवाल देतात, मग जिल्हा परिषद मंजुरी देते. मंजुरीआधी एकही वीट पाडू नका. ती मालमत्ता जिल्हा परिषदेची आहे, आणि पत्रे-सागवान गेलं की नोटीस मुख्याध्यापकांच्या नावाने निघते. मंजुरी आली की त्याच वर्षीच्या यू-डायसमध्ये खोल्यांची संख्या कमी करा आणि शाळा विकास आराखड्यात नव्या खोलीची मागणी लिहा. आराखडा डिसेंबरअखेर तयार असला तर पुढच्या आर्थिक वर्षाच्या नियोजनात तो मांडता येतो. तोपर्यंत खोलीला कुलूप आणि दारावर ‘वापर बंद’ लिहिलेली पाटी.

प्रश्न : शाळेचं वीजबिल अवाच्या सवा येतं.

बिलावरचा वर्ग बघा. सरकारी शाळेला ‘एलटी-7 (अ), सार्वजनिक सेवा – शासकीय’ लागू होतो. तिथं व्यावसायिक वर्ग छापलेला असेल तर यू-डायस क्रमांक, मुख्याध्यापकांचं पत्र आणि मागचं बिल जोडून महावितरणच्या उपविभागात वर्ग बदलण्याचा अर्ज द्या. थकबाकी असेल तर आधी तिचा हिशेब लेखी मागा. मीटर बंद असून सरासरी रीडिंग लावलेलं असेल तर ते त्याच कागदावर दिसेल.