बुडणाऱ्याला हात देण्याआधी
वडोदऱ्याजवळ सिंधरोटला मही नदीत पोहायला जाणार असशील तर आधी हे ऐक. घाबरलेल्या माणसाला तू दिसत नाहीस, फक्त आधार दिसतो. तो थेट खांद्यावर चढतो आणि तुझं डोकं पाण्याखाली जातं. पट्टीचे पोहणारेही असेच जातात रे! म्हणून मदत काठावरूनच: बांबू, ओढणी, दोर. ५ लिटरचा रिकामा कॅन १५ मीटर दोराला बांधून सोबत ने. तळाशी वाटीभर पाणी ठेवून झाकण घट्ट लाव, नाहीतर वाऱ्याने भरकटतो. कॅन बुडणाऱ्याच्या डोक्यापलीकडे फेक आणि ओढत त्याच्या हाताशी आण. स्वतः पालथं पडून ओढ; उभा राहिलास तर तूच आत. पाण्यात असताना त्याने धरलंच, तर श्वास घेऊन खाली बुडी मार. त्याला वर राहायचं असतं, पकड सुटते. मग २ मीटर लांब हो.