फुगाझी या अमेरिकी रॉक बँडचा पहिला स्टुडिओ अल्बम कोणता, '१३ साँग्ज' की 'रिपीटर'?

'रिपीटर', १९९०. '१३ साँग्ज' १९८९ साली आला खरा, पण तो आधीच्या दोन ईपी (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड) एकत्र करून काढलेला संग्रह. इंदूरमध्ये नवा पोस्ट-हार्डकोर (पंक रॉकमधून निघालेली शैली) बँड उभा करताय म्हणता, तर 'रिपीटर'पासूनच सुरुवात करा. आधी बँडमधला गी पिचोटो मुख्यतः गायचा. इथे तोही गिटार घेतो आणि इयान मॅकायच्या गिटारीशी त्याची खरी जुगलबंदी रंगते. त्यातलं 'टर्नओव्हर' हेडफोन लावून ऐका. गिटार हळूहळू वर येते, मग जो लॅलीचा बास शिरतो आणि सगळं गाणं पेलतो. राजवाड्याकडच्या आमच्या पोरांना डिस्टॉर्शन (गिटारचा खरखरीत आवाज) वाढवायची फार घाई. त्यांना मी हेच ऐकवते. तुमचा ड्रमर ढोल-ताशा पथकातला असेल, तर फुगाझीचा ड्रमर ब्रेंडन कँटीचं वादन त्याला लगेच भिडेल.