भिंतीवरचं ९१ वं स्तोत्र

प्रश्न : मावशी, जय ख्रिस्त. माझी आई गेल्या वर्षी गेली. वय ५६. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, अडीच वर्षं डायलिसिसवर होती. आजार कळला त्याच आठवड्यात आमच्या प्रार्थनागटातल्या एका बहिणीने सांगितलं, बायबलमधल्या ९१ व्या स्तोत्रावर उभी राहा, त्यात आईचं नाव घालून म्हण. मी ते मोठ्या अक्षरांत लिहून आईच्या पलंगासमोर भिंतीवर लावलं. जिथे जिथे ‘त्याला’ होतं तिथे आईचं नाव. दीर्घायुष्य देऊन तृप्त करीन, ही ओळ लाल शाईने. रोज रात्री आम्ही दोघी ते म्हणायचो.

आई गेल्यावर तीच बहीण भेटायला आली आणि मला एकीकडे घेऊन विचारलं, ‘घरात कुणाच्या मनात शंका होती का गं?’ होती, मावशी. माझ्याच मनात. शेवटच्या दिवसांत एका रात्री मी देवाला म्हटलं होतं, पुरे आता, तिला सोडव. तेव्हापासून वाटतं, माझ्यामुळेच वचन खोटं पडलं. उपासनेला जाते, गीतं म्हणते, पण बायबल उघडवत नाही. माझी मुलगी ८ वर्षांची आहे. ती विचारते, ‘देवाने आजीला प्रॉमिस केलं होतं ना?’ तिला काय सांगू? तो कागद अजून भिंतीवर आहे. काढू का?
– एक वाचक

उत्तर : बाळ, तुझं पत्र आलं त्या दिवसापासून ते माझ्या बायबलमध्ये आहे. आधी त्या रात्रीबद्दल बोलते, कारण खरं ओझं तिथेच आहे असं मला वाटतं.

‘पुरे आता, तिला सोडव’ हे तू कुणाला म्हणालीस? देवालाच ना? ज्याच्यावरचा विश्वास उडाला, त्याच्याकडे मध्यरात्री कुणी रडत जात नाही. एलीया संदेष्ट्याने रतामाच्या झुडपाखाली बसून हेच म्हटलं होतं, ‘आता पुरे, माझा प्राण घे,’ आणि तेही स्वतःसाठी. देवाने त्याला रागावलं नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. तू तर आईसाठी मागत होतीस. ती प्रार्थना होती. तुझ्या आईचा मृत्यू तिच्या मूत्रपिंडांच्या आजाराने झाला. हे वाक्य दिवसातून दहादा स्वतःला म्हणावं लागलं तरी म्हण.

आता त्या बहिणीच्या प्रश्नाविषयी. तिच्यावर मी राग धरू शकत नाही, कारण तो प्रश्न मीही एकदा विचारला आहे.

माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. माझे यजमान पाळक, आणि मी पाळकाची बायको म्हणून घरोघर प्रार्थनेला जायची. एका आईचं लहान मूल तापाने आजारी होतं. मी तिला एका कार्डावर निळ्या शाईने वचन लिहून दिलं आणि वर म्हटलं, ‘विश्वास कमी पडू देऊ नका.’ मूल गेलं. दफन झाल्यावर कबरस्तानाच्या फाटकाशी त्या बाईने माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आधारासाठी. हात सुटला तेव्हा माझ्या तळव्यात ते कार्ड होतं. चार घड्या घातलेलं, घामाने शाई पसरलेली. ती एक शब्द बोलली नाही. मी काही दिवसांनी तिच्याकडे जाऊन क्षमा मागितली, पण जे बोलले ते परत घेता आलं नाही. ते कार्ड आज ४४ वर्षं माझ्याकडे आहे.

त्यानंतर मी बायबल वेगळ्या रीतीने वाचायला शिकले. आपल्याकडे एक घोटाळा नकळत होतो. आपण बायबलच्या प्रत्येक ओवीला ‘वचन’ म्हणतो, आणि दिलेल्या शब्दालाही ‘वचन’च म्हणतो. त्यामुळे कुठलीही ओवी हातात आली की देवाने ती मला लिहून दिली, असं वाटू लागतं. जुनी माणसं देवाने दिलेल्या शब्दासाठी ‘अभिवचन’ हा शब्द वेगळा ठेवायची, ते मला आता पटतं. हे कुणाला सांगितलं, कधी सांगितलं, ते गाणं आहे, बोधवचन आहे की करार, एवढं तरी विचारावं लागतं. ९१ वं स्तोत्र हे गाणं आहे. देवाच्या आश्रयाला राहणाऱ्या माणसाने भरल्या गळ्याने गायलेलं. ते खरं आहे. पण त्यावर तुझ्या आईची वर्षं मोजून दिलेली नाहीत.

आणि याच स्तोत्रातली ओळ नाव घालून वापरल्याचा एक प्रसंग शुभवर्तमानात आहे. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, तो देवदूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल असं लिहिलं आहे. ओवी खरी होती. येशूने ती खोडली नाही, तिचा वापर नाकारला : ‘परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको.’ ते स्तोत्र ज्याला सर्वांत जास्त शोभलं असतं, तो तिशीतच क्रूसावर गेला. याचा अर्थ तू आणि आईने रात्री स्तोत्र म्हटलं ते चुकलं, असा मुळीच घेऊ नकोस. तुम्ही दोघींनी अडीच वर्षं रोज देवासमोर बसून काढली. चूक एवढीच झाली की कुणीतरी त्या आश्रयाची हमीपावती केली, आणि मग ती वटली नाही याचा दोष तुझ्यावर टाकला.

मग अभिवचनावर भरवसा ठेवायचा म्हणजे काय करायचं? मी यिर्मया संदेष्ट्याकडे जाते. लोक त्याच्या २९ व्या अध्यायातली हिताच्या संकल्पांची ओळ कार्डांवर छापतात, पण तिच्या आधीची ओळ कुणी छापत नाही. ते पत्र आहे, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यरुशलेमेहून पाठवलेलं. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर सांगत होता, दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया त्यावर आधी काय म्हणाला? ‘आमेन! परमेश्वर असं करो.’ त्यालाही तेच हवं होतं! पण देवाने त्याला दिलेला आकडा ७० वर्षांचा होता, आणि तीच ती न छापली जाणारी ओळ. म्हणून पत्रात लिहिलं : घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. विचार कर, ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा समोर चाळिशीची एखादी बाई बसली असेल. तिने मनात हिशेब केला असेल. तिला परतीची वाट दिसणार नव्हती. तरी अभिवचन तिलाही होतं, तिच्या हयातीपेक्षा लांबीचं.

त्याहून मला ३२ वा अध्याय धरून ठेवतो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. चुलतभाऊ हनामेल येतो : अनाथोथातलं माझं शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात गेलेला मुलूख! आणि देव म्हणतो, घे. यिर्मया १७ शेकेल चांदी तोलून देतो, खत लिहितो, मोहर करतो, साक्षीदार घेतो. आपला लेखनिक बारूख याला सांगतो, मोहर केलेलं आणि उघडं अशी दोन्ही खतं मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील.

आणि पैसे देऊन झाल्यावर तो देवाला काय म्हणतो ते नक्की वाच. स्तुती करता करता तो म्हणतो, बघ, वेढ्याचे मोर्चे नगराला येऊन भिडले, नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती गेलंच म्हणायचं, आणि तू मला सांगतोस शेत घे! खताची शाई ओली असेल तोवर हा गोंधळ. कुणी त्याला विचारलं नाही, ‘तुझ्या मनात शंका होती का?’ देवाने त्याचं ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं. ते शेत यिर्मयाने कसलं असं बायबल कुठेच सांगत नाही. आपण त्याला शेवटचं पाहतो ते मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, तेही लोकांनी ओढून नेलेला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात विश्वासाच्या माणसांची अख्खी रांग आहे, आणि अखेरीला लिहिलं आहे की त्या सर्वांना अभिवचनाची फळं मिळाली नाहीत. त्यांचा विश्वास कमी होता असं तिथे म्हटलेलं नाही.

देवाने आपल्याला नेमकं काय लिहून दिलं आहे, ते मी साध्या शब्दांत सांगते. २३ व्या स्तोत्रातल्या ‘मृत्युच्छायेच्या दरीतून’ जाताना तो बरोबर असेल. दरी टळेल असं तिथे नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं. काटा राहिला, उत्तर मिळालं : ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ आणि तिसरं, जे सगळ्यांत मोठं आहे आणि ज्याची तारीख अजून यायची आहे : मेलेले उठवले जातील. बेथानीत येशूला ठाऊक होतं की काही वेळातच तो मेलेल्या लाजराला कबरेतून हाक मारणार आहे. तरी लाजराची बहीण मरीया हिला रडताना पाहून तो रडला. आशा असणाऱ्याने रडू नये, असं मला कुणी सांगितलं की मी त्यांना तो अध्याय काढून देते.

बायबल उघडवत नाही म्हणतेस. मग सुरुवात ८८ व्या स्तोत्रापासून कर. त्याच्या शेवटी उजेड येत नाही, अंधारातच ते संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. रोज एकदा मोठ्याने वाच, पुढे काही वाचायची घाई नको. आणि त्या बहिणीला, जेव्हा बळ येईल तेव्हा, एकदा सांग की त्या प्रश्नाने काय झालं. मला कार्ड परत मिळालं नसतं तर मी आणखी किती घरांत तेच बोलत राहिले असते, कुणास ठाऊक.

मुलीला खरं सांग. ८ वर्षांच्या मुलाला खरं कळतं. ‘देवाने आजी आजारी पडणार नाही असं प्रॉमिस केलं नव्हतं. आपल्याला तसं वाटलं होतं, आपण चुकलो. त्याने तिला एकटं सोडणार नाही असं प्रॉमिस केलं होतं, आणि एक दिवस तिला उठवीन असं. ते दुसरं अजून व्हायचं आहे. मी वाट बघते आहे. मला कधीकधी रडू येतं.’ ती पुढे जे विचारेल त्याचं उत्तर तुला येत नसेल, तर ‘मला माहीत नाही’ म्हण. तिच्यासमोर म्हण.

आणि तो कागद. फाडू नकोस. मुलीला हाताशी घे, दोघी मिळून तो हळूच सोडवा, चिकटवलेले कोपरे फाटले तरी चालेल. मागच्या कोऱ्या बाजूला आईचं नाव लिही, ती गेली ती तारीख लिही, आणि रात्री तू जे म्हणालीस तेही लिही, ‘तिला सोडव.’ मग घडी करून आईच्या बायबलमध्ये यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायात ठेव, जिथे ते मातीचं भांडं आहे. माझ्याही बायबलात त्याच पानावर एक निळ्या शाईचं कार्ड आहे.