बावीचं पाणी निवळ दिसतं, पण ते पिण्याजोगं आहे का?

मृगाच्या सरी पडल्या की दरवर्षी विहिरीच्या पाण्याबद्दल विचारणा सुरू होते. या वेळी दोन प्रश्न आलेत. संगमेश्वरकडचे एक बागायतदार भाऊ विचारतात, 'पाऊस लागला की आमच्या बावीचं पाणी गढूळ होतं. टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचा वास घरात कुणाला सोसत नाही. आजोबा निवळीचं बी वापरायचे, शेजारी शेवग्याच्या बिया सांगतात. विहिरीत किती टाकू?' दुसरा प्रश्न लांज्याकडच्या एका ताईंचा. 'सासूबाई म्हणतात, विहिरीत चुना टाक, जांभळाचं लाकूड टाक, कासव सोड, पाणी शुद्ध राहतं. हे खरं का?'

भाऊ, आधी तुमचं. तुमच्या आजोबांचं बरोबर होतं, पण ते निवळी विहिरीत टाकत नव्हते, हंड्यात वापरत होते. बी सहाणेवर पाण्यात उगाळायचं, ती उगाळ हंड्यात ढवळायची आणि हंडा हलवायचा नाही. तासा-दोन तासांत माती तळाला बसते. शेवग्याच्या बियांचंही तसंच. मातीचे बारीक कण एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. बियांतली प्रथिनं त्यांना एकत्र बांधतात, मग ते जड होऊन खाली जातात.

शेवग्याची पद्धत नीट सांगतो, कारण निवळीचं झाड आता सहज सापडत नाही. झाडावर पूर्ण वाळलेल्या शेंगेतल्या बिया घ्या. वरचं साल काढून आतला पांढरा गर कुटा. लिटरला 1 बी धरा, पाणी फारच लाल असेल तर 2. म्हणजे 12 लिटरच्या कळशीला साधारण डझनभर बिया. पूड कपभर स्वच्छ पाण्यात कालवा, कपड्यातून गाळा आणि ते दूधट पाणी कळशीत ओता. मिनिटभर जोरात ढवळा, मग पाच-दहा मिनिटं सावकाश. त्यानंतर एक-दोन तास कळशीला हात लावू नका. वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, गाळ झाडाला घाला. हे पाणी त्याच दिवशी वापरा. बियांचा अंश पाण्यात राहतो, शिळं झालं की त्याच अंशावर जंतू पोसतात. आणि एक कळकळीची विनंती, लागवडीसाठी पाकिटातून आणलेलं बियाणं यासाठी कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं.

आता हेच विहिरीत का नको? हिशेब करू. विहिरीचा व्यास 3 मीटर आणि पाणी 4 मीटर असेल तर आत सुमारे 28 हजार लिटर पाणी आहे. लिटरला एक म्हणजे 28 हजार बिया! त्या तळाशी कुजल्या तर पाणी सुधारण्याऐवजी नासेल.

यापेक्षा मोठी गोष्ट अशी की निवळलेलं पाणी आणि निर्जंतुक पाणी एक नव्हे. मातीला चिकटलेले बरेच जंतू गाळाबरोबर बसतात, सगळे नाही. कावीळ, टायफॉइड, हगवण यांना उरलेले पुरतात. पावसाळ्यात निवळलेलं पाणी खळखळून उकळल्याशिवाय लहान मुलांना, गरोदर बाईला, म्हाताऱ्यांना देऊ नका. इंधन रोज परवडत नसेल तर निवळलेलं पाणी पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून कडक उन्हात 6 तास आडवं ठेवता येतं. पण आपल्याकडे आषाढात ऊन कुठून आणणार? हा उपाय दिवाळीनंतरचा.

टीसीएलबद्दल तुमची नाराजी मला समजते. पण असह्य वास बहुतेक वेळा अंदाजाने मूठभर पावडर फेकल्यामुळे येतो. चांगली, कोरडी पावडर 1000 लिटरला 2.5 ग्रॅम पुरते. वरच्या 28 हजार लिटरच्या विहिरीला जेमतेम 70 ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, पाणी वाढवा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या. तो साका फेकून वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत सोडा, पोहरा खालीवर करून मिसळा. रात्री टाकलं तर सकाळपर्यंत वास बराच उतरतो. गावच्या जलसुरक्षकाला बोलवा, तो क्लोरीन मोजून देईल. मी नैसर्गिक शेतीचा आग्रह धरणारा माणूस आहे, तरी पावसाळ्याच्या चार महिन्यांत पिण्याच्या विहिरीला टीसीएल टाळा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

मात्र माझ्या मते खरं काम विहिरीच्या आत नसून भोवती आहे. आपला जांभा सच्छिद्र दगड. वरच्या अंगाला शोषखड्डा, गोठा किंवा शेणखताचा खड्डा असेल तर त्याचं पाणी दगडातून थेट बावीला मिळतं. आमच्याच घरी गोठा वरच्या दळ्यावर होता. दरवर्षी श्रावणात पाण्याला वास यायचा आणि आम्ही विहिरीत तुरटी फिरवत बसायचो. शेवटी गोठ्याचं मूत नाली काढून माडांकडे वळवलं, खताचा खड्डा उताराच्या खाली नेला, तेव्हा वास थांबला. माडही सुधारले! अशा गोष्टी विहिरीपासून निदान 15 मीटर दूर हव्यात, जांभ्यात त्याहून जास्त आणि नेहमी उताराच्या खालच्या बाजूला. विहिरीला अडीच फुटांचा कठडा, सभोवार मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेला चौथरा, सांडलेलं पाणी केळीकडे नेणारा पाट आणि वर जाळी असावी. पोहरा एकच ठेवा आणि तो जमिनीवर टेकवू नका.

आता अगदी माझ्या खात्यातली गोष्ट. सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण करताना किंवा आंब्याच्या फवारणीनंतर पंप विहिरीच्या काठावर धुतला जातो. कृपा करून हे बंद करा. पाणी पिंपात भरून बागेत न्या, पंप तिथेच धुवा. युरियाच्या गोणीही काठावर धुऊ नका. कीटकनाशक किंवा नायट्रेट उकळून जात नाही, निवळीने बसत नाही, टीसीएलने मरत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि त्याचा सर्वांत जास्त धोका तान्ह्या बाळाला असतो.

ताई, सासूबाईंचं म्हणणं टाकाऊ नाही, फक्त त्यातलं वेचून घ्यायला हवं. जांभळाचं लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही हे खरं. केरळात विहिरीच्या तळाशी आवळ्याच्या फळ्या घालतात. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत गढूळ, बेचव पाण्याच्या विहिरीसाठी नागरमोथा, वाळा, आवळा आणि निवळी यांचं चूर्ण सांगितलं आहे. हे सगळे उपाय मुख्यतः चव, वास आणि गढूळपणासाठी आहेत. जंतू मारण्याचं काम त्यांच्यावर सोपवू नका. चुन्याने जंतू मरण्याइतका चुना घातलात तर पाणी तोंडात धरवणार नाही. कासव तर नकोच. आपल्याकडची कासवं पकडून ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे, शिवाय त्यांच्या विष्ठेतून जंतू पाण्यात येतात. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. ते शिंपण्याच्या विहिरीत जरूर सोडा. पिण्याच्या विहिरीत टीसीएल पडली की ते मरतील आणि पाण्यातच कुजतील.

सासूबाईंकडून एक गोष्ट मात्र मागून घ्या, त्यांचं जुनं सुती लुगडं. बांगलादेशात पटकीच्या साथींवर काम करताना संशोधकांना असं आढळलं की, वापरून मऊ झालेली सुती साडी चार पदरी करून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. धुऊन धुऊन सुताची वीण घट्ट होते, म्हणून जुनंच कापड चांगलं. गाळणं रोज धुऊन उन्हात वाळवा. गाळलेलं पाणी घासलेल्या तांब्याच्या कळशीत रात्रभर, साधारण 16 तास ठेवलं तर जुलाबाचे जंतू मरतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पावसाळ्यात तरी हे उकळण्याच्या जोडीला करा, त्याच्याऐवजी नको.

गाळ काढायचं या वर्षी राहिलं असेल तर आता भर पावसात उतरू नका. पुढच्या वैशाखात, पाणी तळाला गेल्यावर काढा. उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने तळापर्यंत सोडा. तो विझला तर आत प्राणवायू नाही, कुणीही उतरायचं नाही. कंदील पेटता राहिला तरी डिझेल इंजीन विहिरीत उतरवू नका, त्याच्या धुरातला विषारी वायू कंदिलाला कळत नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच. खालचा माणूस कोसळला तर त्याच्यामागे उडी न घेता त्याला दोराने वर ओढा.