कॅझली फक्त गाण्यामुळे मोठा झाला का?

तुमचं म्हणणं असं, की ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळणाऱ्या रॉय कॅझलीला व्हीएफएल (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग) या तिथल्या मोठ्या स्पर्धेचं एकही विजेतेपद नाही, उंची जेमतेम 180 सेंटीमीटर, म्हणजे 1979 च्या 'अप देअर, कॅझली' ('वर जा, कॅझली') या गाण्यानेच त्याला मोठं केलं. विजेतेपदाचं खरं आहे. पण गाणं आलं तेव्हा त्याला जाऊन सोळा वर्षं झाली होती, आणि 'अप देअर, कॅझली' ही आरोळी तर 1920 च्या दशकातली, साउथ मेलबर्न क्लबच्या मैदानावरची.

ती सुरू केली त्याचाच जोडीदार फ्रेड फ्लायटरने. त्या काळी पंच चेंडू आपटून उडवायचा, तेव्हा रकमनने, म्हणजे कॅझलीसारख्या उडी मारणाऱ्या खेळाडूने, तो हवेतच आपल्या माणसाकडे थापटायचा असे. फ्लायटर अंगाने दांडगा. तो प्रतिस्पर्ध्याला आडवा जायचा, कॅझलीला उडीपुरती जागा करून द्यायचा आणि ओरडायचा. खाली चेंडू उचलायला मार्क टँडी. या तिघांचं जमलेलं गणित लक्षात घेतलं नाही, तर कॅझलीची उंची नुसती कमीच दिसणार. उडीची तयारीही त्याने कसून केली होती. घरी शेडमध्ये चेंडू टांगून तो त्यावर उड्या मारायचा. झेप घेताना खोल श्वास भरला की शरीर हलकं होतं, असा त्याचा विश्वास होता. शास्त्र काहीही म्हणो, तो वर जायचा हे खरं! असे थापटलेले चेंडू तेव्हा कुणी मोजून ठेवत नसे, म्हणून आज नुसते आकडे पाहून त्याचा अंदाज येत नाही.

बाकी कारकीर्द थोडक्यात. 1911 मध्ये सेंट किल्डा क्लबच्या खेळाडूंनी संप केला, तेव्हा बदली म्हणून अठरा वर्षांच्या या पोराला संधी मिळाली. 1920 पर्यंत तिथे 99 सामने, मग 1921 ते 1927 साउथ मेलबर्नकडून आणखी 99. मधलं 1925 साल मात्र तो मिनिप या खेड्यातल्या क्लबकडे गेला. पुढे टास्मानियात खेळला, प्रशिक्षक झाला, आणि 1963 मध्ये तिथेच, होबार्टला वारला.

गाण्याच्या मुद्द्यापुरतं एवढंच बघा: दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैनिक हीच आरोळी ठोकत चाल करून जायचे. तेव्हा त्याला मैदान गाजवून दीडेक दशक उलटलं होतं, आणि गाण्याचा पत्ताही नव्हता.