फाटकात शिरण्याआधी मागची ट्रॉली मोजा

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले आणि कापसाच्या गाड्या जिनिंगच्या रस्त्याला लागल्या, की रेल्वे फाटकांबद्दलची पत्रं वाढतात. माझी नोकरी इंजिनाच्या केबिनमधून ही फाटकं बघण्यात गेली. त्यामुळे उत्तरं जरा रेल्वेच्या बाजूला झुकतील, ट्रकवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

मी ट्रॅक्टरवर ऊस वाहतो, मागं दोन ट्रॉल्या असतात. फाटक उघडं असेल तरच आम्ही शिरतो, गेटमनही उभा असतो. मग धोका कशाचा? लोक उगाच घाबरवतात.
– ऊस वाहतूकदार, गंगाखेड

धोका लांबीचा आहे, भाऊ. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून सतरा-अठरा मीटर होतात. दोन्ही फाटकांमधलं अंतर पंधरा मीटर धरा. तुमचं पुढचं चाक पहिल्या फाटकापाशी आल्यापासून मागच्या ट्रॉलीचं टोक दुसऱ्या फाटकाबाहेर पडेपर्यंत ३३ मीटर जावं लागतं. भरल्या उसाने चढावर ताशी ५ किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला १.४ मीटर. सगळं सुरळीत झालं तरी चोवीस सेकंद लागले. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात साडेसहाशे मीटरहून जास्त अंतर कापते.

आता उघड्या फाटकाचं. फाटकं दोन प्रकारची असतात. इंटरलॉक फाटकात सिग्नल आणि फाटक एकमेकांना बांधलेले असतात: फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला हिरवा मिळत नाही. तिथे तुमची ट्रॉली रुळावर अडकली आणि फाटक पडलंच नाही, तर सिग्नल लाल राहतो. दुसऱ्या प्रकारात ही जोडणी नसते. स्टेशन मास्तर फोनवरून गाडीची खबर आणि तिच्या खातरजमेचा सांकेतिक आकडा (खासगी नंबर) देतो, गेटमन फाटक लावतो, सगळी भिस्त माणसांवर. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेच्या व्हॅनला रेल्वेने धडक दिली, त्यात विद्यार्थी गेले. ते फाटक याच दुसऱ्या प्रकारचं होतं. तुमच्या रस्त्यावरचं फाटक कुठल्या प्रकारचं आहे ते गेटमनला विचारा, तो सांगेल.

पण मला जास्त काळजी वाटते ती फाटक खाली यायला लागल्यावर घुसणाऱ्यांची. भोंगा वाजतोय, दांडा अर्ध्यावर आलाय, आणि ट्रॅक्टरवाला 'निघंल की' म्हणत दामटतो. ट्रॅक्टर निघतो, मागची ट्रॉली राहते. त्यात डेकवर गाणी एवढ्या आवाजात लावलेली, की ना गेटमनची शिट्टी ऐकू येते ना इंजिनाचा हॉर्न. फाटकापाशी आलात की डेक बंद करा.

आणि ट्रॉलीची पिन बघा. मी पाहिलेल्या कित्येक ट्रॉल्यांना पिनेच्या क्लिपच्या जागी वाकवलेला खिळा असतो. रूळ ओलांडताना आधी ट्रॅक्टरचं चाक उचलतं, मग पहिली ट्रॉली, मग दुसरी. या हिसक्यांनी खिळा तुटतो, झिजलेली पिन वर सरकते आणि मागची ट्रॉली रुळावर सुटून राहते. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. उलट ओझं कमी झाल्याने ट्रॅक्टर हलका पळतो. क्लिप दहा-वीस रुपयांत मिळते हो.

शेवटचं म्हणजे, पलीकडे रस्ता तुंबलेला असेल तर फाटक उघडं असलं तरी शिरू नका. मागच्या ट्रॉलीसकट मावाल एवढी जागा पुढे दिसली, तरच.

आमच्या ट्रकांना फाटकावर पंधरा-पंधरा मिनिटं थांबवतात. गाडीचा पत्ता नसतो. एवढं आधी बंद कशाला?
– ट्रान्सपोर्ट व्यावसायिक, जालना

वर सांगितलं तेच कारण. वेगातल्या गाडीला सिग्नल दूरवरून हिरवा दिसावा लागतो, नाहीतर पायलट (म्हणजे इंजिनाचा ड्रायव्हर) ब्रेक लावायला सुरुवात करतो. म्हणजे गाडी काही किलोमीटर लांब असतानाच फाटक लागलेलं हवं. परभणी ते मुदखेड मार्ग दुहेरी झाल्यापासून तिथे आणखी एक भर पडली: एक गाडी गेली तरी दुसऱ्या बाजूची येत असते, म्हणून दांडा वर जात नाही. पहिली गेली की वाकून घुसणारे नेमके दुसरीच्या पुढ्यात येतात.

पंधरा मिनिटं थांबायला लागणं त्रासाचं आहे, मान्य. त्याचा एक भाग ट्रकवालेच वाढवतात. फाटकाला धडक देऊन दांडा वाकवला की इंटरलॉकिंग बिघडतं. मग गाडी फाटकाच्या लाल सिग्नलपाशी दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबते, आणि गेटमनच्या झेंडीवर हळूहळू पुढे येते. त्या दिवशी पंधराचे तीस होतात.

मी परळीत राखेच्या हायवा डंपरवर आहे. भरलेली गाडी रुळावर बंद पडली तर पहिलं काय करायचं? सिग्नल आपोआप लाल होतो ना?
– चालक, परळी वैजनाथ

नाही होत, आणि हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. रुळांमधून जाणारा सिग्नलचा करंट गाडीच्या लोखंडी चाक-आसामुळे जोडला जातो, म्हणून सिग्नलला रेल्वेगाडी 'दिसते'. तुमच्या हायवाची चाकं रबराची. फाटक बंद झाल्यावर तुम्ही आत अडकलात, तर सिग्नलच्या दृष्टीने मार्ग मोकळाच आहे.

म्हणून पहिलं काम, क्लीनरसह सगळ्यांनी खाली उतरायचं. एकदा सेल्फ मारून बघितला तर ठीक, पण तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नापर्यंत केबिनमध्ये बसून राहू नका. दुसरं, एकाने धावत गेटमनच्या गुमटीकडे जायचं. त्याच्याकडे स्टेशनचा फोन आहे, लाल झेंडी आहे, रात्रीचा लाल दिवा आहे आणि रुळावर बांधायचे पटाखे आहेत. अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन पटाखे बांधायचा नियम आहे. इंजिन त्यावरून गेलं की आवाज होतो आणि पायलट थांबतो. एवढं अंतर गेटमनने पायी धावायचं असतं, त्यामुळे तुम्ही त्याला एक मिनिट लवकर सांगितलं तर तो फरक फार मोठा आहे. गेटमन सापडला नाही तर १३९ किंवा ११२ लावा आणि फाटकाचा नंबर सांगा. तो नंबर गुमटीवर रंगवलेला असतो. 'परळीजवळचं फाटक' एवढ्याने कंट्रोलला काही कळत नाही.

रेल्वेगाडी येताना दिसलीच, तर पळायचं कुठे? बहुतेक लोक गाडी जिकडे चालली आहे तिकडे पळतात. ते चूक आहे. धडकेनंतर ट्रकचा पत्रा, राख, चाकं सगळं गाडीच्या दिशेनेच पुढे फेकलं जातं. रुळापासून लांब, पण गाडी ज्या बाजूने येतेय त्या बाजूला तिरकं पळा.

जेसीबी बोलावून ओढायची घाईही नको. स्टेशनकडून मार्ग अडवल्याचा निरोप गेटमनला मिळाल्याशिवाय रुळावर दुसरं यंत्र चढवलं, तर एकाऐवजी दोन वाहनं अडकतात.

तुमच्या गाडीबाबत दोन गोष्टी खास. हवा पूर्ण भरल्याशिवाय फाटकाकडे निघू नका. एअर ब्रेकच्या गाडीत हवा उतरली की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप बसतात आणि गाडी जाम होते. ते रुळावर झालं तर धक्का मारून काही उपयोग नाही. आणि रुळावर गिअर बदलायचा नाही. ज्या गिअरने चढलात त्यानेच उतरा. दर वेळी खडी टाकून रूळ उचलले जातात, रस्ता तसाच राहतो, त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक फाटकांवर उंट बसावा तसा फुगवटा झालाय. त्या फुगवट्यावर भरलेल्या गाडीचा गिअर हुकला की गाडी मागे सरकते. लो-बेड ट्रेलरवर पोकलेन नेणाऱ्यांचं तर पोटच फुगवट्यावर टेकतं. त्यांनी आदल्या दिवशी मोटारसायकलवर येऊन फाटक बघून जावं.

फाटक खाली आलं आणि ट्रक मध्येच राहिला, तर?
– वाचक, हिंगोली

पुढचा दांडा मोडून बाहेर पडा. पुढचा विचार नंतर. दांडा ट्रक अडवण्याइतका भक्कम नसतो.

बाहेरून आत शिरण्यासाठी फाटक उघडणं किंवा तोडणं हा मात्र गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६० प्रमाणे बंद फाटक उघडल्यास तीन वर्षांपर्यंत आणि तोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आमच्या कापसाच्या गाड्या फाटकाआधीच्या लोखंडी कमानीला घासतात. पूर्वी असलं काही नव्हतं. वर बसलेली पोरं दोर धरून वाकतात आणि गाडी निघते. दंड होतो का?
– कापूस व्यापारी, सेलू

दंडाचं सोडा. ती कमान इलेक्ट्रिक इंजिनं आल्यामुळे लागली. तिची उंची ४.६७ मीटर असते. पुढे फाटकावर रुळांच्या वरची तार किमान साडेपाच मीटरवर असते, आणि तिच्यात २५ हजार व्होल्ट असतात. एवढ्या दाबाच्या तारेला हात लावावा लागत नाही, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. म्हणून दोन मीटरच्या आत जायचं नाही असं रेल्वेचे लोक सांगतात. कमानीखालून वाकून गेलेला पोरगा पुढे सरळ बसला, की त्याचं डोकं तारेच्या किती जवळ येतं ते तुम्हीच मोजा. मालावर माणूस बसवायचाच नाही.

कमानीला माल घासला तर गाडी तिथेच बाजूला घेऊन वरचा थर उतरवा. ताडपत्रीचा सुटा कोपरा, लटकता दोर, ओला असेल तर आणखी वाईट. हायवावाल्यांनो, तुम्हीही वाचा: राख ओतून झाल्यावर हौदा अर्धवट वर राहिलेला असताना निघण्याची सवय फाटकावर फार महागात पडते.

तारेला गाडी चिकटलीच, तर केबिनमध्येच बसून राहा आणि कुणाला जवळ येऊ देऊ नका. फक्त आग लागली तर दोन्ही पाय जोडून लांब उडी मारा. एक हात गाडीला आणि एक पाय जमिनीला, असं उतरायचं नाही.

पायलटला ट्रक दिसत असतो, मग तो ब्रेक का लावत नाही?
– विद्यार्थिनी, पूर्णा

लावतो ना. दिसल्या क्षणी इमर्जन्सी ब्रेक टाकतो, हॉर्नवरून हात काढत नाही. पण ताशी १०० किलोमीटरच्या गाडीला थांबायला एक किलोमीटरच्या आसपास लागतो, आणि भरलेल्या मालगाडीचं वजन पाच हजार टनांच्या घरात असतं. स्टिअरिंग त्याच्याकडे नसतंच. शेवटची काही सेकंदं त्याला नुसतं बघावं लागतं, ते सोपं नसतं.

लांबून येणारी गाडी संथ का वाटते, यावर अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लिबोविट्झ यांनी १९८५ मध्ये लिहिलं: मोठी वस्तू आपल्या डोळ्यांना तिच्या खऱ्या वेगापेक्षा हळू वाटते. म्हणून 'अजून लांब आहे' हा अंदाज फाटकावर चुकतो, आणि अनुभवी ड्रायव्हरचाही चुकतो.

एक उलटीही बाजू आहे. २४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे आंध्रात पेनुकोंड्याजवळ ग्रॅनाईट भरलेला ट्रक फाटकातून घुसून बेंगळुरू-नांदेड एक्स्प्रेसच्या डब्यावर आदळला. कर्नाटकातल्या देवदुर्गचे आमदार व्यंकटेश नाईक यांच्यासह काही प्रवासी त्यात गेले. त्या ट्रकापुढे ब्रेक लावून पायलट काय करणार होता? ती आपल्याच नांदेडला यायची गाडी होती, म्हणून मी ती विसरत नाही.

आमच्या गावाजवळच्या फाटकावर हंगामात दिवसाला शेकडो उसाच्या गाड्या येतात. उड्डाणपूल मागितला तर 'निकषात बसत नाही' म्हणतात. भुयारी मार्ग देऊ म्हणतात. काय करावं?
– सरपंच, लातूर जिल्हा

निकष म्हणजे टीव्हीयू: दिवसात जाणाऱ्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. हा आकडा एक लाखावर गेला की पूल निकषात बसतो. या हिशेबात कार एक युनिट आणि चाळीस टनांचा ट्रकही एकच युनिट. मला हे पटत नाही. रुळावर वीस-पंचवीस सेकंद घेणारं वाहन आणि तीन सेकंदांत निघून जाणारी कार एका तराजूत कशी? पण आज नियम असा आहे, तर त्यातच डाव टाकावा लागेल. मोजणी काही ठराविक दिवसच होते. ती जून-जुलैत झाली तर तुमचे शेकडो ऊसगाडे कागदावर शून्य. डिसेंबर-जानेवारीत फेरमोजणी व्हावी असा ग्रामसभेचा ठराव करा, आणि सोबत कारखान्याच्या काट्यावरच्या पावत्यांचा गोषवारा जोडा. कुठल्या दिवशी किती वाहनं आली ते त्यात तारखेसह मिळतं.

भुयारी मार्ग घेण्याआधी त्याची उंची लेखी विचारा. कमी उंचीचा असेल तर दुचाकी आणि कार खालून जातील, फाटक बंद होईल, आणि उसाच्या गाड्यांना पुढच्या गावच्या फाटकाला वळसा पडेल. म्हणजे धोका त्यांच्या दारात. पावसाळ्यात पाणी उपसायला पंप कोण बसवणार, वीजबिल कोण भरणार, हेही त्याच कागदावर मागा.