कासवाची अंडी आहेत, फिरवू नका!

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या गोदाकाठच्या शेतातला दिवस आठवला. तुम्ही म्हणता ओढ्याकडच्या धुऱ्यावर माती काढताना 9 गोल पांढरी अंडी निघाली, टोपल्यात भुशावर ठेवलीत, आता रोज फिरवायची का? नाही! हलवू पण नका.

आमच्याकडं पण अशीच निघाली होती, आवळ्याएवढी, कडक कवचाची. एका कार्यालयाला फोन लावला तर म्हणे आमच्या हद्दीत येत नाही, दुसरीकडं लावला तर सोमवारी या, आणि तो दिवस शुक्रवार होता. मग मी अंडी नळाखाली धुतली आणि खुडूक कोंबडी फिरवते तशी सकाळ-संध्याकाळ फिरवत बसलो, कोणी एक शब्द सांगितला असता तर हे झालं नसतं. कित्येक महिने वाट बघितली, एकही फुटलं नाही. शेवटी एक फोडलं तर आत नखाएवढा जीव कवचाला चिकटून वाळलेला, डोळ्याचा काळा ठिपका स्पष्ट दिसत होता. अजून आठवलं की पोटात कालवतं.

कारण पुढं रत्नागिरीतल्या वेळासला गेल्यावर कळलं. कोंबडीच्या अंड्यात बलक धरून ठेवणारे पिळाचे दोर असतात, कासवाच्या अंड्यात नसतात. अंडी घातल्यावर गर्भ वरच्या अंगाला आतल्या पडद्याला चिकटतो, मग उलटं केलं की मरतो. तिथले लोक ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी काही तासांतच उचलतात, न फिरवता, आणि राखणीतल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. खोलीला पण अर्थ आहे, खोलीवर वाळूची ऊब ठरते, आणि समुद्री कासवांत वाळू गरम असली की माद्या जास्त, थंड असली की नर. मादी शंभरावर अंडी घालून वाळू बुजवून निघून जाते ते परत बघत नाही, हजारात एखादं पिल्लू मोठं होतं, म्हणूनच एवढी घालते. आपल्याकडच्या गोड्या पाण्यातल्या फ्लॅपशेल कासवाची मोजकीच असतात, म्हणून मला तरी एकेक अंडं मोलाचं वाटतं.

मी तज्ज्ञ नाही, जाणकार आला तर त्याचंच ऐका. पण माझं मत, अंडी आत्ता ज्या बाजूनं आहेत तीच वर ठेवून पेन्सिलनं खूण करा, धुऊ नका, आणि आजच त्याच खड्ड्यात ठेवून माती लोटा. वर बाभळीच्या काट्या टाका, नाहीतर कुत्री उकरतात. घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे, म्हणून वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला आधी फोन करा, बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, सोमवार म्हणाले तर परत लावा. आणि तेवढा धुरा यंदा नांगरू नका, पिल्लं निघायला लई महिने लागतात.